जमानत झाली, पण माणूस आतच: तुरुंगातली गर्दी नेमकी कुठे अडते

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. गावातला एक शेतमजूर पोरगा, वय चोवीस, विहिरीवरची मोटार चोरल्याच्या गुन्ह्यात आठ महिन्यांपासून जिल्हा कारागृहात आहे. याआधी त्याच्यावर एकही केस नाही. तीन महिन्यांपूर्वी कोर्टाने त्याची जमानत मंजूर केली, अट घातली पंचवीस हजारांच्या स्थानिक जमानतदाराची. तसा माणूस मिळाला नाही, म्हणून पोरगा आतच राहिला. मुलाखतीला गेलेल्या आईला त्याने सांगितलं की बराकीत रात्री कूस बदलायला जागा नसते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: तो सुटू शकतो का, नवीन तुरुंग बांधले तर ही गर्दी हटेल का, आणि गाव म्हणून तुम्हाला काय करता येईल.

तो सुटू शकतो, आणि त्यासाठी कोणाची मेहरबानी लागत नाही. कायदा आजच त्याच्या बाजूने आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुका कोर्टांत वर्षानुवर्षं फौजदारी कामं चालवतो आहे, त्यातली बरीचशी विधी सेवेकडून, म्हणजे मोफत वकील देणाऱ्या सरकारी यंत्रणेकडून, आलेली. कोर्टाच्या व्हरांड्यात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच आहे: "जमानत त झाली ना साहेब, मंग पोरगं काहून नाई आलं?" ऑर्डर हातात आणि माणूस आत, हे त्या आईला समजावून सांगणं फार अवघड जातं. कारण यात समजण्यासारखं काही नाहीच.

गर्दीचा आकडा आधी पाहू. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातल्या सगळ्या तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती आणि आत माणसं होती ५,७३,२२०. त्यातले न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालू आहे असे, ४,३४,३०२. हे आकडे शेजारी ठेवून पाहा. देशातल्या तुरुंगांची जेवढी एकूण जागा आहे, जवळपास तेवढे तर नुसते कच्चे कैदीच आहेत. शिक्षा झालेले सुमारे १ लाख ३३ हजार. तुरुंग फक्त शिक्षा भोगण्यासाठी वापरले असते, तर दोन तृतीयांशाहून जास्त जागा रिकामी राहिली असती. महाराष्ट्राचं चित्र देशाच्या सरासरीपेक्षा वाईट आहे, आपल्याकडे क्षमतेच्या दीडपटीहून जास्त माणसं आत आहेत.

विदर्भात नागपूर आणि अमरावती ही मध्यवर्ती कारागृहं. यवतमाळ, अकोला, बुलढाणा, वर्धा, चंद्रपूर, भंडारा इथे जिल्हा कारागृहं. गर्दी म्हणजे काय ते आत गेल्याशिवाय कळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा बराकीत खांद्याला खांदा लावून माणसं पडलेली असतात आणि पंख्याचा वारा मधल्या दोन ओळींपुरता लागतो. संडासासमोर पहाटेपासून रांग. एकाला खरूज झाली की आठवड्याभरात बराकीला होते, मलम मात्र मोजकंच. नवीन आलेल्याला जागा मिळते ती मोरीशेजारी. शिक्षा झालेला माणूस निदान कामाला बाहेर पडतो, त्याचा दिवस जातो. न्यायाधीन माणसाला काम नाही, तारीख कधी लागेल ते माहीत नाही, लागलीच तर पोलीस गार्ड मिळेल की नाही ते माहीत नाही. पेशीला नेलं नाही की केस पुढची तारीख घेते. आता व्हिडिओवर हजेरी होते, त्याने हजेरीचा प्रश्न थोडा सुटला. पण पडद्यावर दोन मिनिटं दिसणाऱ्या माणसाला वकिलाशी बोलता येत नाही, त्याची उलटतपासणीतली मदत होत नाही.

आता तुमच्या पोराचं काम जिथे अडलं, त्या टेबलाजवळ जाऊ. जमानतीची ऑर्डर झाल्यावर जमानतदाराला सातबारा, आधार, फोटो घेऊन कोर्टात यावं लागतं. बऱ्याच ठिकाणी तहसीलचा ऐपतीचा दाखलाही मागतात. क्लार्क सातबारा हातात घेतो आणि त्याचं बोट सरळ 'इतर हक्क' या रकान्यावर जातं. तिथे सोसायटीचा किंवा बँकेचा पीककर्जाचा बोजा लिहिलेला असतो. आपल्याकडे कापूस-सोयाबीनवाल्या कोणत्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर बोजा नसतो? बोजा दिसला की बरेचदा कागद परत. दुसरा जमानतदार आणला तर त्याची जमीन चार भावांच्या सामायिक खात्यात. बाकीचे तिघं सही करायला तयार नाहीत. तिसऱ्याची जमीन भोगवटादार वर्ग दोनची, भूदानात किंवा सिलिंगमध्ये मिळालेली, ती विकता येत नाही म्हणून चालत नाही. कोलाम किंवा गोंड कुटुंबाकडे वनहक्काचा पट्टा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानेच तो हस्तांतर करता येत नाही, मग तो जमानतीला कसा धरायचा, असं विचारलं जातं. आणि ज्याच्याकडे जमीनच नाही, त्याचे नातेवाईकही भूमिहीनच असतात. म्हणजे चार एकर बिनबोजाची जमीन असलेला माणूस सोयऱ्यात आहे की नाही, यावर पोरगा घरी झोपणार की बराकीत, हे ठरतं. गुन्ह्याचं गांभीर्य, पुरावा, पळून जाण्याची शक्यता, हे सगळं न्यायाधीशांनी आधीच तपासून ऑर्डर केलेली असते. ती ऑर्डर शेवटी सातबाऱ्याच्या एका रकान्यावर अडते.

शिवाय जमानतदाराचीही मजुरी बुडते. ऐन वेचणीत दोन दिवस तालुक्याला यायचं, दाखल्यासाठी तहसीलला एक चक्कर, वर गावात चार लोकांचं बोलणं ऐकायचं. हे कोणी का करावं? मग कोर्टाबाहेर पैसे घेऊन उभे राहणारे भाड्याचे जमानतदार पुढे येतात. खोटे सातबारे सापडले, तसे कोर्टांनी नियम आणखी कडक केले. त्या कडकपणाचा त्रास भाड्याच्या माणसाला होत नाही, त्याच्याकडे सगळे कागद तयार असतात. खरा चुलता मात्र हात हलवत परत जातो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे १९७८ सालीच गेला होता. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा तो खटला. एका गवंड्याला दहा हजारांच्या जमानतीची अट घातली होती, आणि त्याचा भाऊ जमानत राहायला आला तेव्हा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून मॅजिस्ट्रेटने त्याला नाकारलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती अट रद्द करून एक हजाराच्या जातमुचलक्यावर, म्हणजे जमानतदाराशिवाय त्याच्या स्वतःच्या लेखी हमीवर, त्याला सोडायला सांगितलं, आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जमानतदार नाकारणं चूक आहे हे स्पष्ट केलं. झरी, पांढरकवडा भागातल्या लोकांना याचं मोल कळेल. त्यांचे निम्मे सोयरे तेलंगणातल्या आदिलाबादकडे. नदी ओलांडली की मामाची जमीन 'बाहेरच्या राज्यातली' होते.

त्या निकालाला इतकी वर्षं होऊनही स्थानिक जमानतदाराची अट छापील साच्यातून आल्यासारखी ऑर्डरमध्ये येत राहिली. म्हणून ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्देश दिले. तुमच्या कामासाठी हे निर्देश सगळ्यात महत्त्वाचे आहेत, म्हणून नीट वाचा. जमानतीच्या ऑर्डरची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगाला पाठवायची. सात दिवसांत बंदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. बंदी म्हणाला की मला आधी सोडा, बाहेर जाऊन मी जमानतदार आणतो, तर योग्य प्रकरणात त्याला ठरावीक मुदतीची तात्पुरती जमानत देता येते. ऑर्डरनंतर एक महिन्यात जमानतदार दिला गेला नाही, तर कोर्ट स्वतःहून प्रकरण घेऊन अट सैल करायची का ते पाहू शकतं. आणि स्थानिक जमानतदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, तेव्हा ती अट घालू नये, असंही त्यात आहे.

तुमच्या पोराला तीन महिने झाले आहेत. म्हणजे या निर्देशांतली जवळजवळ प्रत्येक मुदत उलटून गेली आहे. त्याचा वकील खासगी असो की विधी सेवेचा, ज्या कोर्टाने जमानत दिली तिथेच अट बदलण्याचा अर्ज करायचा. अर्जात हे मांडायचं: आरोपी भूमिहीन आहे, जमानत अमुक तारखेला मंजूर झाली, आजपर्यंत जमानतदार मिळू शकला नाही, म्हणून त्याला जातमुचलक्यावर किंवा झेपेल एवढ्या रोख रकमेवर सोडावं. रोख भरण्याची सोय भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या, कलम ४९० मध्ये आहे. कलम ४८४ सांगतं की मुचलक्याची रक्कम माणसाची परिस्थिती पाहून ठरवावी आणि ती अवाजवी नसावी. त्याच कलमाखाली सत्र न्यायालयातूनही रक्कम कमी करून घेता येते. मला विचाराल तर आधी खालच्याच कोर्टात जा. तिथले न्यायाधीश अनेकदा समजून घेतात, अडचण एवढीच असते की कोणी अर्जच केलेला नसतो. ऑर्डर झाली की वकिलाची फी संपते, आणि सुटका झाली का हे पाहायला कोणी उरत नाही. आमच्या पेशाबद्दल हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो आहे.

वकील नसेल किंवा त्याने हात वर केले असतील, तर जिल्ह्याच्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या अखत्यारीतलं हे कार्यालय आरोपीच्या बाजूने मोफत काम करतं. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोठडीत असलेल्या कोणालाही मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कोणी मागितलाच तर कलम १२ दाखवा. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा विधी सेवेचा राष्ट्रीय क्रमांक आहे.

पैशाचीही एक वाट आहे, पण ती फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये गरीब बंद्यांसाठी योजना आणली. जमानतीची रक्कम भरता येत नाही अशा न्यायाधीन बंद्यासाठी आणि दंड भरता येत नाही म्हणून आत राहिलेल्या सिद्धदोष बंद्यासाठी ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम सरकार भरतं. २०२३ मध्ये ही मर्यादा अनुक्रमे ४०,००० आणि २५,००० रुपये होती, आज किती आहे ते विधी सेवेत विचारून घ्या. जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, कारागृह अधीक्षक, विधी सेवेचे सचिव यांची जिल्हास्तरीय समिती ते ठरवते. यूएपीए (दहशतवाद आणि बेकायदेशीर कारवायांविरुद्धचा कायदा), एनडीपीएस (अमली पदार्थांचा कायदा), मनी लाँड्रिंग आणि भ्रष्टाचाराच्या केसेस यात बसत नाहीत, मोटार चोरीची बसते. तेव्हा अर्जात रोख रकमेची मागणी करताना या योजनेचाही उल्लेख करा आणि त्याची एक प्रत सचिवांकडे द्या.

यानंतरची गोष्ट शिक्षेच्या मुदतीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ म्हणतं की गुन्ह्याला असलेल्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला सोडावं. ही तरतूद जुन्या कायद्यात कलम ४३६अ म्हणून होतीच. नवीन भर अशी की पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याला एक तृतीयांश काळ झाला की मुचलक्यावर सोडायचं. साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षं, म्हणून तुमच्या पोराला आत एक वर्ष झालं, म्हणजे आणखी चार महिने गेले, की एक तृतीयांश काळ भरेल. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. मुदत भरली की कोर्टाला अर्ज करण्याची जबाबदारी कायद्याने कारागृह अधीक्षकांवर टाकली आहे, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की जुन्या केसेसमधल्या बंद्यांनाही याचा फायदा मिळेल.

पण यात दोन अडचणी आहेत. आपल्या भागातली माणसं नेमकी तिथेच सापडतात, म्हणून थोडं थांबून लिहितो.

पहिली अडचण 'पहिल्यांदाच' या अटीची. कायद्यात त्याचा अर्थ असा की याआधी कोणत्याही गुन्ह्यात दोषी ठरलेला नसावा. कोणत्याही म्हणजे लहानसहान गुन्ह्यातही. गावाकडे दारूच्या किंवा जुगाराच्या केसमध्ये "कबूल करून टाक, दंड भर, मोकळा हो" असा सल्ला सर्रास दिला जातो. पेशीला दर वेळी मजुरी बुडण्यापेक्षा पाचशे-हजाराचा दंड बरा वाटतो, आणि माणूस अंगठा देतो. तो दोषी ठरला. पुढे कधी चोरीच्या संशयात आला की एक तृतीयांशाची सवलत गेली, आता निम्मा काळ काढायचा. आठ महिने आत असलेल्या पोरालाही हाच सल्ला मिळत असेल की कबूल कर, जेवढं भोगलं तेवढ्यात सुटशील. त्याने ती चोरी केली नसेल तर त्याला हे सांगा की कबुलीचा डाग पुढच्या प्रत्येक वेळी मोजला जातो. केली असेल आणि कबूल करायचंच असेल, तर वकिलाने १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी केलीच पाहिजे. या कायद्याचा वापर आपल्या कोर्टांत फारच कमी होतो.

दुसरी अडचण एकाहून जास्त केसेसची. एकाच वेळी दोन प्रकरणं चालू असतील तर कलम ४७९ चा लाभ मिळत नाही. याचा मार सगळ्यात जास्त बसतो तो फासेपारध्यांना. अमरावती, यवतमाळ, अकोला भागातल्या पारधी बेड्यांवरून, म्हणजे वस्त्यांवरून, एका चोरीत उचललेल्या माणसाच्या नावावर आजूबाजूच्या ठाण्यांतल्या उघडकीस न आलेल्या चोऱ्या लागत जातात, हे या भागात काम करणाऱ्या प्रत्येक वकिलाने पाहिलं आहे. अख्ख्या जमातीला जन्मानेच गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र तसाच चालू राहिला. प्रत्येक केसमध्ये वेगळी जमानत, प्रत्येकीला वेगळा जमानतदार. पाच केसेस म्हणजे पाच बिनबोजाचे सातबारे, तेही बेड्यावर राहणाऱ्या माणसाने आणायचे. ऑगस्ट २०२४ मधल्या गिरीश गांधी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशाच माणसाला, ज्याच्यावर अनेक राज्यांत केसेस होत्या, तेच जमानतदार अनेक केसेसमध्ये वापरायला परवानगी दिली, आणि एका हाताने जमानत देऊन जाचक अटींनी ती दुसऱ्या हाताने काढून घेऊ नये असं सांगितलं. हा निकाल आपल्या तालुका कोर्टांत अजून फारसा दाखवला जात नाही. वकील मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे, तो दाखवा.

पारध्यांच्याच संदर्भात आणखी एक निकाल सांगितला पाहिजे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगात जात पाहून कामं वाटण्याचे नियम घटनाबाह्य ठरवले. एका जातीने स्वयंपाक करायचा, दुसरीने संडास साफ करायचा, भटक्या-विमुक्तांना जन्मजात सराईत धरायचं, हे राज्याराज्यांच्या तुरुंग नियमावल्यांत लिहिलेलं होतं. बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा दिली त्याला सत्तरएक वर्षं होत आली, आणि तुरुंगाच्या नियमांतून जात काढायला २०२४ उजाडावं लागलं, याचं दुःख मला होतं.

गडचिरोलीचा प्रश्न याहून वेगळा आणि जास्त कठीण आहे. सिरोंच्याहून गडचिरोली दोनशे किलोमीटरांच्या वर. भामरागड, एटापल्लीकडचा माडिया माणूस नागपूर किंवा चंद्रपूरच्या तुरुंगात असेल तर घरच्यांची वर्षातून एखादी मुलाखत झाली तरी पुष्कळ. त्याची भाषा माडिया, वकिलाची मराठी, चार्जशीटही मराठीत, आणि दुभाषी मिळेपर्यंत तारीख निघून जाते. यूएपीएच्या केसमध्ये जमानत मिळणंच दुर्मीळ. पांडू नरोटे हा गडचिरोलीचा आदिवासी तरुण २०१७ मध्ये दोषी ठरला, अपील चालू असताना ऑगस्ट २०२२ मध्ये कैदेतच वारला, आणि मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्यासह त्या यूएपीएच्या केसमधल्या सगळ्यांना निर्दोष ठरवलं. त्याच्या आयुष्यातली ती वर्षं कोण भरून देणार?

आता नवीन तुरुंगांबद्दल. मी त्यांच्या विरोधात नाही. जुन्या बराकी पाडून नवीन बांधायलाच हव्यात, बायकांसाठी आणि आजाऱ्यांसाठी वेगळी जागा हवी, नळाला पाणी हवं. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शीसारखी खुली कारागृहं वाढायलाही हवीत, तिथे माणूस माणसासारखा राहतो, शेतीत काम करतो. पण ती शिक्षा झालेल्यांसाठी आहेत आणि आपली गर्दी न्यायाधीनांची आहे. धरणाचं दार अडकलं असताना भिंतीची उंची वाढवावी, तसं नुसत्या बांधकामाचं होतं. जागा, निविदा, बांधकाम, पदमंजुरी यात वर्षं जातात, आणि बाहेर पडायची वाट तीच राहिली तर नवी बराकही भरते. राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी २६ नोव्हेंबर २०२२ ला, संविधान दिनाच्या भाषणात, न्यायाधीशांसमोर हाच प्रश्न मनापासून विचारला होता: विकास होतो आहे तर मग आणखी तुरुंग कशाला लागतात?

कायदा बदलण्याचं काम वरच्या पातळीवर सुरू आहे. १८९४ चा इंग्रजांचा तुरुंग कायदा सव्वाशे वर्षं चालला. केंद्राने २०२३ मध्ये आदर्श कायद्याचा मसुदा राज्यांना पाठवला, आणि महाराष्ट्राने डिसेंबर २०२४ मध्ये, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, स्वतःचं कारागृह व सुधारसेवा विधेयक मंजूर केलं. हे स्वागतार्हच आहे. पण हे सगळं भिंतीच्या आतलं काम आहे. गर्दी कमी करणारी सुधारणा तालुका कोर्टाच्या जमानतीच्या टेबलावर व्हायला हवी, आणि तिला नवा कायदाही लागत नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात, पहिल्यांदाच आलेल्या, राहता पत्ता पक्का असलेल्या माणसाला जातमुचलक्यावर सोडणं हा नियम व्हावा आणि जमानतदार मागायचा असेल तर त्याचं कारण ऑर्डरमध्ये लिहावं. 'माणूस पळेल' ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. काही पळतात. पण जमानत मोडून गैरहजर राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, वॉरंट आहे. आणि ज्याचं घर, बायको, दोन बकऱ्या आणि सालाचं काम एकाच गावात आहे, तो शेतमजूर जाऊन जाऊन जाणार कुठे?

त्याच्या आधीचं दार म्हणजे अटक. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांनी कारण नोंदवल्याशिवाय अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार खटल्यात २०१४ लाच सांगून झालं आहे. मोटार चोरीही त्यात बसते. तुमच्या पोराच्या रिमांड अर्जात अटकेचं काय कारण लिहिलं आहे, ते वकिलाला जरूर पाहायला सांगा. आता सुटकेसाठी त्याचा थेट उपयोग कमी, पण अट सैल करण्याच्या अर्जात तो मुद्दा वजन देतो.

राहिला गावाचा प्रश्न. जिल्ह्यात न्यायाधीन बंद्यांचा आढावा घेणारी समिती असते, जिल्हा न्यायाधीश तिचे अध्यक्ष, सोबत जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक. जमानत होऊनही न सुटलेल्यांची नावं तिच्यापुढे जायला हवीत. तुमच्या पोराचं नाव त्या यादीत आहे का, हे विधी सेवेच्या सचिवांना लेखी विचारा आणि पोच घ्या. गावातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला किंवा पोराला विधी स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवायला सांगा. तुरुंग, कोर्ट आणि घर यांच्यात निरोप नेणारं कोणीतरी गावातलंच असलं की निम्मी कामं हलतात.

ग्रामपंचायतीकडून एक पत्र घ्या. तो निर्दोष आहे वगैरे त्यात लिहू नका, ते ठरवणं कोर्टाचं काम आहे आणि अशा पत्राला किंमत राहत नाही. लिहायचं ते एवढंच: हा अमुक वर्षांपासून या गावचा रहिवासी आहे, घर नमुना आठवर अमुक नावाने आहे, घरात कोण कोण आहे, तो कोणाकडे कामाला होता, कुटुंबाच्या नावावर शेतजमीन नाही, आणि कोर्टाने बोलावल्यास निरोप पोचवण्याची जबाबदारी अमुक सदस्य घेतील. त्या सदस्याचा मोबाईल नंबर, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची (पूर्वीचा ग्रामसेवक) सही, शिक्का. सोबत रेशनकार्डाची आणि आईच्या आधारकार्डाची झेरॉक्स. जमानतीच्या ऑर्डरची प्रत नसेल तर केस नंबर टाकून ई-कोर्टच्या वेबसाइटवर पाहा, बहुतेक वेळा मिळते. एवढे कागद घेऊन पुढच्या पेशीची वाट न पाहता या आठवड्यातच जा. अर्ज पेशीच्या आधीही दाखल करता येतो.